लेन्स निघते म्हणून कोणी प्रोफेशनल होत नाही

रॉक कॉन्सर्टचे आयोजक, हॉलचे व्यवस्थापक आणि बँडचे मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तिकिटांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते : ‘प्रोफेशनल कॅमेरे आणण्यास मनाई आहे.’ प्रोफेशनल कशाला म्हणायचं ते तिथे लिहिलेलं नसतं, ते गेटवर कळतं. गेटवरचा माणूस कॅमेरा हातात घेतो, उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, “ह्याची लेन्स निघते का?” निघते म्हटलं की झालात तुम्ही प्रोफेशनल. मग एक तर कॅमेरा सामानघरात ठेवा, नाही तर घरी जा. तो बिचारा त्याला सांगितलेलंच करतो, त्याच्यावर माझा राग नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला.

हा लेन्सचा निकष कुठून आला याचा अंदाज करता येतो. एके काळी लेन्स बदलता येणारा कॅमेरा म्हणजे जाडजूड धूड असायचं आणि ते बाळगणारा माणूस बहुधा वर्तमानपत्राचा किंवा मासिकाचा असायचा. आज काय परिस्थिती आहे बघा. निकॉनचा कूलपिक्स पी१००० नावाचा कॅमेरा २०१८ मध्ये आला. त्याची लेन्स निघत नाही. पण ती २४ पासून ३००० मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे १२५ पट झूम, आणि वजन जवळजवळ दीड किलो. शेवटच्या रांगेत बसून गिटारवाल्याच्या नखांचा फोटो काढता येईल. तुमच्या नियमाने हा कॅमेरा आत जाऊ शकतो. उलट माझा छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि त्यावरची ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका आत येणारा प्रकाश जास्त) – हिला झूम अजिबात नाही, वजन २०० ग्रॅमच्या आत, लांबी चार बोटं – ती मात्र बाहेर, कारण ती फिरवली की निघते. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय म्हणायचं याला!

मी कोण ते सांगते. तिकीट काढून येणारी श्रोती. फोटोंवर माझं घर चालत नाही, कुठल्या मासिकाचं ओळखपत्र माझ्या गळ्यात नसतं आणि ते मला नकोही आहे. मला बँड ऐकायचा असतो आणि ऐकता ऐकता तो बघायचा असतो. कॅमेरा लावला की माझं बघणं जास्त बारीक होतं. ‘कॅमेऱ्यातून बघणारे कॉन्सर्ट अनुभवतच नाहीत’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही. पूर्ण शो हात वर करून व्हिडिओ काढणाऱ्याबद्दल ते बहुतेक खरं असेल. पण स्थिर फोटो काढणाऱ्याला गाणं पाठ असावं लागतं. शेवटच्या कडव्याआधी बास वाजवणारा दोन पावलं मागे सरकतो, ड्रमरकडे वळतो, दोघांची नजरानजर होते आणि पुढच्याच ठोक्याला सगळे दिवे पांढरे होतात. हे होणार हे माहीत असेल तरच बोट शटरवर तयार असतं. झाल्यावर दाबलं तर अंधाराचा फोटो येतो. हे माहीत कुणाला असतं? ज्याने ती गाणी शेकडो वेळा ऐकलीत त्याला. नेमून दिलेल्या फोटोग्राफरला त्या आठवड्यात इतर चार बँडही करायचे असतात, त्याच्याकडून ही अपेक्षा कशी करणार?

“मग फोनने काढा की,” असं तुमच्यातल्या एकाने मला ऐकवलं होतं. उत्तर दिव्यांत आहे. रॉकच्या स्टेजवर उजेड भरपूर वाटतो, पण तो एका ठिकाणी टिकत नाही. गायकाच्या चेहऱ्यावर उजेड, त्याच्या खांद्यामागे काळोख. अशा वेळी साधारण आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ३२००, लेन्स एफ २.८ आणि शटर सेकंदाचा २५० वा भाग उघडं, एवढ्यावर कसाबसा चेहरा मिळतो. ड्रमच्या काड्या थांबवायच्या तर शटर याच्या दुप्पट वेगाचं हवं. एफ १.८ची लेन्स एफ २.८पेक्षा सुमारे अडीच पट प्रकाश आत घेते, म्हणून त्या चार बोटांच्या लेन्सचं मला एवढं कौतुक. फोनचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, लहान. तो ही उणीव भरून काढायला पटापट पाच-सहा फोटो घेतो आणि त्यांचा एक करतो. बसलेल्या माणसाचा असा फोटो छान येतो. उडी मारणाऱ्या गिटारिस्टला मात्र तीन कोपर आणि मेणाचं तोंड मिळतं.

लाल दिव्याची गंमत तर वेगळीच. तुमच्या लाइट डिझायनरांना लाल रंगाचं इतकं प्रेम का आहे हे मला न सुटलेलं कोडं आहे. एलईडीचा निव्वळ लाल प्रकाश पडला की सेन्सरवरचा लाल चॅनल ओसंडून वाहतो, हिरवा-निळा जवळजवळ रिकामे राहतात, आणि गायकाच्या चेहऱ्याच्या जागी टोमॅटोसारखा एक सपाट गोळा उरतो. कॅमेऱ्यात निदान एक्स्पोजर हाताने खाली आणता येतं, रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, ठेवता येते, नंतर ती कृष्णधवल करून चेहरा वाचवता येतो. शिवाय एलईडी दिवे मंद करायचे म्हणजे बऱ्याचदा ते डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद होत असतात. सेन्सर ओळीओळीने वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर त्याचे आडवे पट्टे उमटतात. पडद्याचं यांत्रिक शटर वापरलं की ते बरेचसे टळतात. त्याचा ‘टक’ आवाज होतो खरा, पण समोर मार्शलचे अँप्लिफायर गर्जत असताना तो ऐकू येणारा माणूस मला दाखवाच. हळू, नुसत्या गिटारवरचं गाणं आलं की कॅमेरा खाली ठेवायचा, एवढी अक्कल आम्हाला असते.

आता त्रास कुणाचा होतो ते बोलू. मी उंचीने बेताची. माझ्यापुढे हात उंचावून धरलेले फोन असतात आणि प्रत्येकाचा स्क्रीन पूर्ण उजेडावर. स्टेज मला या स्क्रीनांच्या फटींतून दिसतं. कुणी तरी तीस मीटरवरून फ्लॅश मारतं. फोनच्या त्या एवढ्याशा फ्लॅशचा उजेड चार-पाच मीटरवर संपतो, पुढच्या माणसाच्या टकलावर पडतो आणि तिथेच विरतो. स्टेजवर त्याचा कणही पोचत नाही. तुमचा नियम यातल्या कशालाच हात लावत नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून, मागचा स्क्रीन बंद करून, डोळ्यांच्या रेषेच्या वर कॅमेरा न नेता गाण्यामागे दोन-तीन फोटो काढणाऱ्या बाईला मात्र तो बाहेर ठेवतो. माणूस काय करतो हे बघायचं सोडून तुम्ही त्याच्या हातात काय आहे हे बघता, माझं भांडण एवढ्यासाठीच आहे.

पासधारक, म्हणजे तुमची परवानगी घेऊन वर्तमानपत्रा-मासिकांसाठी फोटो काढणाऱ्या, फोटोग्राफरांनाही तुम्ही सुखात ठेवलेलं नाही. ‘पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही’ हा नियम आता जगभर चालतो. स्टेज आणि बॅरिकेड यांमधल्या अरुंद बोळात, म्हणजे पिटमध्ये, सगळे दाटीवाटीने उभे राहतात, तिसरं गाणं संपलं की सिक्युरिटी त्यांना बाहेर काढते. यामागची अडचण मला समजते. गाणाऱ्याच्या पायाशी दोन तास दहा-बारा लेन्स रोखलेल्या असल्या तर कुणालाही नको वाटेल, आणि गर्दीतून डोक्यांवरून वाहत येणाऱ्या पोरांना उतरवून घ्यायला सिक्युरिटीला तो बोळ मोकळा लागतो. ठीक आहे. पण रॉकच्या इतिहासात लोकांच्या डोळ्यांपुढे कायमचे राहिलेले फोटो शोच्या कुठल्या टप्प्यावर निघालेत ते बघा.

१८ जून १९६७, माँटेरी पॉप फेस्टिव्हल. जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटवली ती त्याच्या सेटच्या अगदी शेवटी. गुडघ्यांवर बसलेला हेंड्रिक्स, बोटं वर, पुढ्यात ज्वाळा, हा फोटो काढणारा एड कॅराफ तेव्हा १७ वर्षांचा शाळकरी पोरगा होता. कॅमेरा उसना आणलेला, आणि उभा होता स्टेजच्या कडेला एका खुर्चीवर चढून. आजच्या गेटवर त्या पोराचं काय झालं असतं? कॅमेरा जप्त, खुर्ची जप्त आणि वर दम.

दुसरं उदाहरण सप्टेंबर १९७९चं, न्यूयॉर्कच्या पॅलेडियममधलं. द क्लॅशचा बास वाजवणारा पॉल सिमोनन हातातला बास जमिनीवर आपटतोय, तो पेनी स्मिथचा फोटो. हीही घटना शो संपत आल्यावरची. स्मिथ रीतसर व्यावसायिक फोटोग्राफर होती, बँडबरोबर फिरत होती. फोटो फोकसमध्ये नाही म्हणून तो बँडच्या ‘लंडन कॉलिंग’ अल्बमच्या मुखपृष्ठावर घ्यायला ती तयार नव्हती, बँडचा गायक जो स्ट्रमर आणि डिझायनर रे लाउरी यांनी हट्टाने तो लावला. सिमोनन एवढा का भडकला, तर बाउन्सर प्रेक्षकांना खुर्च्यांवरून उठूच देत नव्हते. म्हणजे हॉलच्या कडक शिस्तीने निदान एक अजरामर फोटो दिला असं तुम्ही म्हणू शकता. तेवढं श्रेय देते तुम्हाला.

तिसऱ्या गाण्याला दिवे लावून पिट रिकामा केला असता तर यातलं काही उरलं नसतं. आजही बँड घामाने निथळलेला असतो, गायकाचा आवाज फाटलेला असतो, ठरलेली यादी सोडून काहीतरी तिसरंच वाजवलं जातं, ते सगळं शेवटच्या अर्ध्या तासात. त्या वेळी पासवाले निघून गेलेले असतात. उरतो तुमचा नेमलेला एक माणूस आणि आम्ही. आमच्या हातांत तुम्ही फक्त फोन ठेवलेत.

पास देताना फोटोग्राफरांपुढे सहीसाठी ठेवल्या जाणाऱ्या करारांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो पासवाल्यांचा विषय आहे आणि त्यांनी तो चांगला लढवलाय. फोटोचे हक्क बँडला, छपाई एकदाच, तीही परवानगीने, असा आवळा देऊन कोहळा काढायचा मसुदा फू फायटर्स या बँडच्या वतीने पुढे आला, तेव्हा २०१५ मध्ये वॉशिंग्टन सिटी पेपरने सही करायला नकार दिला आणि सांगितलं की आम्ही प्रेक्षकांनी काढलेले फोटो विकत घेऊ. त्याच उन्हाळ्यात क्यूबेकच्या ल सोलेय या वर्तमानपत्राने तर फोटोग्राफरऐवजी चित्रकारच धाडला. मला यातली पहिली गोष्ट महत्त्वाची वाटते. वर्तमानपत्राची अडचण झाली तेव्हा त्याला प्रेक्षकांतले आम्ही आठवलो.

तुम्हालाही आम्ही आठवतो म्हणा. एका बँडच्या अधिकृत पानावर मला माझाच फोटो दिसला होता, कोपऱ्यातलं नाव कापून, टूरच्या जाहिरातीला लावलेला. मी पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. कॅमेरा आणला तर नियमभंग आणि फोटो चांगला आला तर तुमचा, असं दोन्हीकडून कसं चालेल?

तुमच्या बाजूने बोलायचं तर कलाकाराला कॅमेरा अजिबात नको असेल तर त्याचा शब्द शेवटचा, यात मला शंका नाही. गायक-गिटारिस्ट जॅक व्हाइटने २०१८च्या टूरमध्ये प्रेक्षकांचे फोन यॉन्डर या कंपनीच्या कुलूपबंद पिशव्यांत टाकायला लावले. फोन आपल्याजवळच, पण उघडायचा तर बाहेर जाऊन. बदल्यात त्याच्या माणसाने काढलेले फोटो चाहत्यांसाठी उपलब्ध केले. हे मला मान्य आहे, कारण सगळ्यांना एकच कायदा. फोनला दार उघडं आणि कॅमेऱ्याला बंद, असा दुजाभाव त्यात नाही.

याहून सुरेख तोड किंग क्रिम्सन या बँडची. २०१४ नंतरच्या त्यांच्या टूरमध्ये शोभर फोटो काढायला सक्त मनाई असायची. शेवटी बास वाजवणारा टोनी लेविन स्वतःचा कॅमेरा बाहेर काढून प्रेक्षकांचे फोटो घेऊ लागला की समजायचं, आता तुम्हालाही परवानगी. एवढ्या खुणेवर सगळं सभागृह चालायचं. दोन तास एकही स्क्रीन नाही आणि शेवटी सगळ्यांना मुभा. बाउन्सरांनी टॉर्च मारून धाक घालण्यापेक्षा हे किती सभ्य आहे! (लेविन स्वतः उत्तम फोटो काढतो, त्यामुळे आमचं दुःख त्याला कळत असावं.)

सुरक्षेचं कारण तुम्ही नेहमी पुढे करता. गर्दीत मोठी लेन्स कुणाच्या तरी दातांवर आपटू शकते, ट्रायपॉडला पाय अडखळू शकतो, मोठ्या पिशव्या तपासण्यात रांग तुंबते. हे सगळं खरं आहे. मग लांबीवर आणि वजनावर बंधन घाला ना. गेटवर पट्टी ठेवा. कॅमेरा लेन्ससकट पंधरा सेंटिमीटरच्या आत बसला तर आत, नाही तर बाहेर. याला फोटोग्राफीचं ज्ञान लागत नाही, वाद होत नाही, आणि तो दीड किलोचा पी१००० आपोआप अडकतो. ट्रायपॉड, मोनोपॉड, सेल्फी स्टिक, सगळं बंद. सुट्या लेन्सची पिशवी नको, लावलेली आहे तेवढी एक पुरे.

यापुढचं एक पाऊल तुमच्याच धंद्यातल्या जुन्या अनुभवातलं आहे. ग्रेटफुल डेडच्या शोमध्ये चाहते टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. मायक्रोफोनच्या काठ्यांचं जंगल इतकं माजलं की इतरांना स्टेज दिसेना आणि साउंडवाल्याला आपल्या कन्सोलपुढे, म्हणजे आवाज नियंत्रित करायच्या टेबलापुढे, मोकळी जागा मिळेना. बँडने ऑक्टोबर १९८४ पासून त्यांना स्वतंत्र तिकिटं आणि साउंड कन्सोलच्या मागे जागा दिली. अट एकच, या टेपांचा व्यापार करायचा नाही. रेकॉर्डिंगं हातोहात फिरली. बँड बुडाला का? उलट त्या टेपांनी त्याला नवे श्रोते मिळवून दिले आणि आज त्या बँडच्या मैफिलींची नोंद आहे तेवढी फार थोड्या रॉक बँडची असेल.

कॅमेऱ्यांसाठी असंच करून बघा. कन्सोलच्या आजूबाजूला किंवा हॉलच्या एका कडेला चाळीस-पन्नास जणांची पट्टी आखा. बॅरिकेडजवळची जागा आम्हाला नको, तिथे नाचणाऱ्यांचा हक्क आधी. आमच्या पट्टीतून ८५ मिलिमीटरची छोटी लेन्स पुरते आणि मागे कुणी नसल्याने कुणाची नजरही अडत नाही. फ्लॅश नाही, फोकससाठी पेटणारा तो नारिंगी दिवा बंद, मागचा स्क्रीन बंद, व्हिडिओ नाही, शेजारच्या प्रेक्षकाचे त्याला न विचारता जवळून फोटो नाहीत. जो मोडेल त्याला त्या पट्टीतून उठवा, पुढच्या वेळी देऊ नका. फोटो विकायचे नाहीत ही अट मी आत्ता या पत्रातच मान्य करते. तुम्हाला एखादा वापरावासा वाटला तर विचारा आणि खाली नाव लिहा. पैसे द्यायचे की नाही ते तेव्हा बोलू, पण विचारा.

यातून तुमचा फायदाही सांगते, कारण नुसत्या न्यायाच्या गोष्टींनी मॅनेजर हलत नाहीत हे मला ठाऊक आहे. सुरुवातीच्या बँडला, म्हणजे मुख्य बँडच्या आधी अर्धा तास वाजवणाऱ्या पोरांना, कुणी फोटोग्राफर देत नाही. पासवाले बऱ्याचदा त्या वेळी पिटमध्ये पोचलेलेही नसतात. ड्रमरचं तर विचारूच नका. तो झांजांच्या आड, अंधारात, पिटमधून खालून बघितलं की फक्त केस दिसतात. कडेच्या उंच जागेवरून तो आख्खा दिसतो. आमच्यातले कित्येक जण निव्वळ ड्रमरसाठी ती बाजू धरतात. बँडच्या आयुष्यातले हे फोटो तुमच्या हिशेबात कुठेच नसतात आणि दहा-पंधरा वर्षांनी अल्बमची नवी आवृत्ती काढताना तेच शोधत तुम्ही वणवण फिरता.

तेव्हा विनंती दोन. ‘प्रोफेशनल कॅमेरा’ हे शब्द तिकिटावरून काढा आणि त्या जागी चालणारी लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. आणि जो काही नियम कराल, अगदी पूर्ण बंदीसुद्धा, तो विक्री सुरू होण्याआधी छापा आणि गेटवरच्या माणसालाही तोच कागद द्या. परवा ज्या दारातून गेले त्याच हॉलच्या दुसऱ्या दारावर आज अडवलं जावं, असं नको. टूरमधल्या एखाद्या लहान हॉलपासून सुरुवात करा. पट्टी आखायला स्वयंसेवक लागले तर आम्ही येऊ, तिकीट काढूनच येऊ.

आपली,
तिकीटधारक, उभ्या जागेतली